जात्याला दुसरा हात



आज मी तुमच्याशी गाण्याविषयी बोलणार आहे. पण हे गवयाचे गाणे नव्हे. तुमच्याआमच्या घरातले, रानातले, देवळातले जे गाणे, त्याच्या आधाराने जड झालेले मन हलके कसे करता येते, आणि ते कुठवर करता येते, एवढाच आजचा विषय. ऐकणाऱ्यांत शाळेवरचे गुरुजी आहेत, बाई आहेत, शेतकरी बांधव आहेत, मायबहिणी आहेत. प्रत्येकाच्या उपयोगाचे दोन शब्द सांगता आले, तर माझे काम झाले.

आधी एक प्रश्न विचारतो. तुमच्या घरात जाते आहे का? असेल तर ते आज कुठे आहे? बहुतेक घरी ते अंगणाच्या कोपऱ्यात पडून असते आणि लग्नात हळद दळण्यापुरते बाहेर निघते. पण ज्यांची साठी उलटली आहे, त्यांना आठवत असेल. पहाटेचा अंधार, कोनाड्यात मिणमिणणारी चिमणी आणि जात्याची घरघर. जाते एकटीला ओढता येत नाही असे नाही. पण समोर दुसरी येऊन बसली, तिचाही हात खुंट्याला लागला, की तेच जाते कसे हलके फिरू लागते! एकीने वैरण घालायची, दोघींनी ओढायचे. एकीने ओवी म्हणायची, दुसरीने ती उचलायची.

त्या ओव्यांत काय असायचे? देवाचे नाव असायचे, भावाचे कौतुक असायचे. पण त्याबरोबर सासरचा जाच असायचा, माहेरची ओढ असायची, व्यसनी नवरा असायचा, हातचे गेलेले लेकरू असायचे. जी गोष्ट घरात उघड बोलायची सोय नव्हती, ती ओवीत बोलता येत होती. सासूच्या कानांवर ती पडायची. पण सासू काय म्हणणार? सून बोलत नव्हती, गात होती! आणि समोर बसलेली जाऊ, नणंद नाही तर शेजारीण ते ऐकत होती. दळण संपेपर्यंत पीठही पडलेले असायचे आणि मनातलेही थोडे सांडलेले असायचे.

आपल्या गोदाकाठी, गंगाखेडला जन्मलेल्या जनाबाईंची कथा तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी ही बाई. तिच्यासाठी पंढरीचा विठोबा जात्यावर येऊन बसला, असे आपण ऐकत आलो. कथेतला देव काय करतो ते ध्यानात घ्या. तो जनीला उपदेश करीत नाही. ‘रडू नको’ म्हणत नाही. तो तिच्यासमोर बसतो आणि खुंट्याला हात लावतो. आज समुपदेशन नावाची जी विद्या शिकवतात, तिचा पहिला धडा याहून निराळा नाही.

या ओव्यांचे मोल जाणत्यांनी ओळखले होते. साने गुरुजींनी त्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ हे पुस्तक केले. सरोजिनी बाबर यांनी लोकगीतांसाठी आयुष्य वेचले. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ या दोघांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या. त्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. आपल्या मराठवाड्यातल्या माजलगावच्या बायांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर गायलेल्या ओव्याही त्यांत आहेत. एक लाख ओव्या म्हणजे किती बायांनी किती पहाटे मन मोकळे केले असेल, याचा अंदाज करा.

मग पिठाची गिरणी आली. आली ते चांगलेच झाले. जात्याचे कष्ट कुणालाच परत नको आहेत. मीही ते मागत नाही. पण त्या कष्टांबरोबर पहाटेची ती बैठकही मोडली आणि तिच्या जागी दुसरी आली नाही.

पुरुषांचे काय? सुगीत कापणीला भलरी होती, रात्री देवळात भजन होते. भलरी आता क्वचित ऐकू येते. भजन आहे, पण भजनात देवाशी बोलायचे, घरचे बोलायचे नाही अशी रीत. त्यात पुरुषाने रडायचे नाही, हे लहानपणापासून शिकवलेले. पावसाने ओढ दिली, सोयाबीनचा भाव पडला, बँकेची नोटीस आली, पोरीचे लग्न तोंडावर आले, हे सगळे तो एकटाच ओढीत राहतो. रात्री पाराजवळ चार माणसांत बसतो, हसतोसुद्धा. कुणी विचारले तर म्हणतो, ‘बरं चाललंय.’ एकट्याने ओढलेले जाते जड असते, मंडळी. ते अंगावर येते.

आपल्या या भागाने एकटेपणाचे हे दुःख एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. सरकारी नोंदीप्रमाणे जवळजवळ ८ हजार माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. पक्की घरे मिळाली, रुंद रस्ते मिळाले. पण जुन्या गल्लीत भिंतीला भिंत लावून राहणारी माणसे नव्या गावात लांब लांब पडली. ज्या शेजारणीला भिंतीपलीकडून हाक मारली की ती ‘ओ’ देत होती, ती आता पलीकडच्या रांगेत गेली. घर मिळाले, पण शेजार हरवला.

त्या काळातल्या दोन गोष्टी सांगतो. एक अशी की, मनाच्या जखमांकडेही पाहिले पाहिजे, हे तेव्हा आपल्याकडे गांभीर्याने घेतले गेले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे, ज्यांना तुम्ही नट म्हणून ओळखता, त्यांनी भूकंपानंतर या भागातल्या माणसांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेसाठी केला. दुसरी गोष्ट अधिक साधी आहे. ज्या गावांत घरे पडली नव्हती पण तडकली होती, तिथे दुरुस्तीचा कार्यक्रम झाला. त्यात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था शासनाबरोबर होती. गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायांना या कामावर घेतले आणि त्यांना नाव दिले ‘संवाद सहायक’. काम घरदुरुस्तीचे होते. भिंत कशी सावरायची, मदत कशी मिळवायची, हे समजावण्याचे. पण नाव पाहा किती नेमके आहे. जे बोलणे अडले आहे, ते चालू करून देणारी बाई! मला वाटते, प्रत्येक गावाला असा एखादा संवाद सहायक कायमचा हवा आहे. घरांसाठी नव्हे, मनांसाठी.

आता कोणी विचारील, ‘यात गाण्याचा संबंध काय? गाण्याने दुःख जाते, याला पुरावा काय?’ प्रश्न रास्त आहे.

गाण्याचा उपयोग रुग्णांसाठी करण्याची विद्या दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत रूढ झाली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या इस्पितळांत वादक जाऊन वाजवीत, आणि रुग्णांच्या मनावर त्याचा चांगला परिणाम दिसे. पण नुसते वाजवता येणे पुरत नाही, रुग्णाशी वागायचे कसे हेही शिकले पाहिजे, हे लक्षात आले, आणि १९४४ साली मिशिगनच्या एका महाविद्यालयात त्याचा रीतसर अभ्यासक्रम सुरू झाला. २००१ साली इटलीतल्या डॉ. बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटा प्रयोग केला. तेवीस माणसांना त्यांनी एकदा ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि एकदा योगातला मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास आपोआप संथ होऊन मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाची लयही त्याच्याशी जुळून आली. ओवीचे चरण लांबवून म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना हे कुणी सांगायला नको होते. घाबरलेल्या माणसाचा श्वास भरभर चालतो. तो संथ झाला की जीव थाऱ्यावर येतो.

खिन्नतेच्या आजारासंबंधी २०१७ साली नऊ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. त्यांत ४२१ रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिली, तर नुसत्या उपचारांपेक्षा अधिक आराम पडतो, निदान काही काळापुरता तरी, असे त्यातून दिसले. यातला ‘जोड’ हा शब्द विसरू नका. गाणे हे औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला आहे. अमुक राग ऐका म्हणजे अमुक रोग बरा, असे कोणी सांगू लागला आणि पैसे मागू लागला, तर त्याच्या नादी लागू नका.

शास्त्राचे झाले. आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो, म्हणजे मुद्दा अधिक स्पष्ट होईल.

मी शाळेवर शिक्षक होतो तेव्हाची ही गोष्ट. गावाचे नाव सांगत नाही. सहावीतल्या एका मुलाचे वडील अचानक गेले. तेराव्यानंतर तो शाळेत आला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्या आपुलकीने म्हणालो, “बाळा, आता घरातला कर्ता पुरुष तूच. रडायचं नाही.” मुलाने माझे अक्षरशः ऐकले. तो रडला नाही. पण बोललाही नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. हजेरीला ‘उपस्थित’ म्हणायचा, तेवढाच त्याचा आवाज. मी मनात म्हणत होतो, पोरगं समजूतदार आहे.

आमच्या शाळेत एक बाई होत्या. शनिवारी त्या मुलांकडून गाणी म्हणून घेत. हा मुलगा तोंड उघडीत नसे. बाईंनी त्याला कधी रागे भरले नाही. त्यांनी त्याच्या हातात टाळ दिले आणि म्हणाल्या, “तू गाऊ नको. नुसता ठेका धर.” तो ठेका धरू लागला. असे चार-पाच शनिवार गेले. एके दिवशी शाळा सुटल्यावर टाळ पेटीत ठेवताना तो म्हणाला, “बाई, आमचे बाबा ढोलकी वाजवायचे.”

मी ओसरीवर हजेरीपट लिहीत बसलो होतो. मला वाटले, आता बाई त्याची समजूत घालतील. बाईंनी तसे काही केले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “हो का? कशी वाजवायचे?” त्यावर त्या पोराने पेटीच्या फळीवर बोटांनी वाजवून दाखवले. वाजवता वाजवता त्याला रडू फुटले आणि मग अर्धा तास तो बोलत होता. बाई ऐकत होत्या. मध्ये ‘हं’ म्हणत होत्या, दुसरे काही नाही. त्या दिवशी मला कळले की, दोन महिने त्या लेकराच्या तोंडावर मीच हात ठेवला होता.

त्या बोलण्यातून बाईंना आणखी एक गोष्ट समजली. मुलाची आई रात्र रात्र झोपत नव्हती, जेवत नव्हती. बाई दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेल्या. एकदा नाही, चार वेळा गेल्या. मग तिला घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेल्या. डॉक्टरांनी औषध सुरू केले. हळूहळू ती सावरली. म्हणजे पाहा, टाळाने तोंड उघडले, बाईंनी ऐकले आणि डॉक्टरांनी उपचार केले. यातले एकही वगळले असते, तर काम अर्धे राहिले असते.

तेव्हा गुरुजी आणि बाई, तुम्हाला माझे सांगणे असे. परिपाठात रोज पाच मिनिटे सर्वांनी मिळून गायचे ठेवा. स्पर्धा नको, बक्षीस नको, बेसूर म्हणून कुणाला हसणे नको. संथ चालीचे, मुलांच्या ओळखीचे गाणे घ्या. ज्याला गायचे नाही त्याच्या हातात टाळ द्या, खंजिरी द्या, नाही तर नुसते बसू द्या. आणि गाताना मुलांच्या तोंडांकडे पाहत राहा. खेळणे सोडलेले, वर्गात पेंगणारे, कारण नसता पोट दुखते म्हणणारे, वरचेवर गैरहजर राहणारे मूल तुमच्या लक्षात येईल. त्याला सर्वांदेखत विचारू नका. सुटी झाल्यावर जवळ बसवा.

आणि घरच्या मंडळींनो, ऐकायचे कसे तेही ध्यानात ठेवा. पहिले, एकांत पाहा. चावडीवर कुणी मन उघडीत नाही. दुसरे, प्रश्न थोडे विचारा आणि गप्प बसायला शिका. तिसरे, ‘तुझ्यापेक्षा कितीतरी दुःखी लोक आहेत’ असे म्हणू नका; त्याने कुणाचे दुःख कमी होत नाही, फक्त बोलणे थांबते. चौथे, ऐकलेले पोटात ठेवा. गावभर झाले तर तो माणूस पुन्हा कुणाजवळच बोलणार नाही. पाचवे, एकदा ऐकून मोकळे होऊ नका, पुन्हा जा.

गाण्याचेही एक पथ्य आहे. दुःखी माणसाला त्याच्या आवडीचे गाणे विचारा, आपल्या आवडीचे त्याच्यावर लादू नका. एखादे गाणे ऐकून त्याचा जीव जास्तच कासावीस झाला तर ते तिथेच थांबवा. रडू आले तर मात्र रडू द्या.

आता सर्वांत महत्त्वाचे. काही वेळा गाणे पुरत नाही, ऐकणारा माणूसही पुरत नाही. दोन-दोन आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, कामात मन नाही. ‘माझा सगळ्यांना भार झालाय’ असे माणूस म्हणू लागला. निरवानिरवीची भाषा करू लागला, तर ती बाब हसण्यावारी नेऊ नका. त्याला सरळ विचारा, “दादा, जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?” असे विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. उलट, कुणीतरी विचारले याने माणसाला सुटल्यासारखे वाटते. ‘हो’ म्हणाला, तर त्याला एकटे सोडू नका. इथे मात्र गुपित राखायचे नाही. घरच्या विश्वासातल्या माणसाला सांगा. फवारणीची औषधे घरातून हलवून कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे चला.

जाता येत नसेल तर फोन करा. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ही सेवा सुरू केली. फोनला पैसे पडत नाहीत, रात्रंदिवस केव्हाही करता येतो आणि मराठीतून बोलता येते. शेतकरी कुटुंबांचा विचार करून राज्य शासनाने २०१५ साली ‘प्रेरणा’ प्रकल्प काढला, त्यात मराठवाड्याचे जिल्हे होते. अडचणीतल्या घरांची विचारपूस आशाताईंनी करावी आणि गरज दिसेल त्याला समुपदेशकापर्यंत, डॉक्टरांपर्यंत पोचवावे, अशी त्याची कल्पना. तुमच्या गावच्या आशाताईंना सांगायला लाजू नका. आणि पोलिसांचीही भीती बाळगू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे, जीव द्यायला निघालेला माणूस तीव्र ताणाखाली आहे असे धरतात. त्याला शिक्षा नव्हे, तर उपचार मिळावेत ही सरकारची जबाबदारी आहे.

श्रोतेहो, गाण्याने कर्ज फिटत नाही, पाऊस पडत नाही आणि गेलेले माणूस परत येत नाही. हे सगळे मला ठाऊक आहे. पण मन थाऱ्यावर असलेला माणूस उद्या बँकेत जाऊन बोलू शकतो, तलाठ्याला गाठू शकतो, पोराबाळांकडे पाहू शकतो. मनच खचले तर यातले काहीच होत नाही. म्हणून आधी मन.

हे भाषण संपल्यावर एक गोष्ट करा. तुमच्या ओळखीत असा कोण आहे, जो अलीकडे भजनाला यायचा थांबला आहे? जी हळदीकुंकवाला दिसत नाही? पारावर असूनही जो तिथे नसतो? उद्या सकाळी त्याच्या घरी जा. उपदेश घेऊन जाऊ नका. “चल, आज माझ्याशेजारी बसून टाळ वाजव,” म्हणा. किंवा नुसते, “चहा टाका, वहिनी, बसायला आलोय,” म्हणा. समोर बसा आणि खुंट्याला हात लावा. जाते फिरू लागेल.